जूकबॉक्सला रांग ठाऊक नव्हती

१/७
अमेरिकी लोकरुचीचा इतिहास लिहिताना जूकबॉक्सचा दाखला हमखास येतो. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक १९४४ ते १९५७ या काळात जूकबॉक्सवर सर्वाधिक वाजणाऱ्या गाण्यांची स्वतंत्र यादी छापत असे. माझे मत असे, की यंत्राच्या पोटातील तारांची जोडणी समजून घेतल्याविना ती यादी पुरावा म्हणून वापरू नये.

२/७
१९४६च्या वुर्लिट्झर १०१५मध्ये २४ तबकड्या होत्या. प्रत्येकीची एकच बाजू वाजे. शिकागोच्या सीबर्ग कंपनीने १९४८ साली एम१००ए आणला : ५० तबकड्या, दोन्ही बाजू, १०० गाणी.

३/७
मग बटणेही १०० लागली का? सीबर्गच्या अशा यंत्रांत २० पुरली : १० अक्षरांची, १० अंकांची. अक्षर ओळ ठरवते, अंक स्तंभ. दोन्ही दाबली की एकाच गाण्याचा परिपथ पूर्ण होतो. मात्र नाणे जमा नसेल, तर बटणांना वीजच मिळत नाही. हा पहारा स्विच आणि रिले करतात. रिले म्हणजे थोड्या प्रवाहाने दुसरा परिपथ जोडणारा वा तोडणारा विद्युतचुंबकीय स्विच.

४/७
निवडलेल्या गाण्याची छोटी खिटी पुढे सरकते. तबकड्यांच्या रांगेपुढून फिरणारा गाडा अशा खिटीशी येताच थांबतो, गाणे वाजवतो आणि खिटी मागे जाते. ही खिटी म्हणजेच यंत्राची स्मृती.

५/७
खरी गोम इथे आहे. कोणी आधी पैसे टाकले, हे खिटीला कळत नाही. गाणी गाड्याच्या वाटेवरील क्रमाने वाजतात. आणि गाणे वाजण्यापूर्वी तिघांनी तेच मागितले, तर खिटी एकदाच पुढे येते. नाणी तीन, गाणे एक.

६/७
१९५५च्या व्ही२००मध्ये खिट्यांच्या जागी ‘टॉरमॅट’ ही फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची चुंबकीय स्मृती आली. एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात तशा कड्या १९५३ साली बसल्या होत्या. दोनच वर्षांत ते तंत्र उपाहारगृहात पोहोचले, तरी संगणकाच्या इतिहासात त्याला क्वचितच जागा मिळते.

७/७
सारांश, जूकबॉक्सवर ‘वाजलेले’ आणि लोकांनी ‘मागितलेले’ यांत अंतर आहे, आणि ते नेमके गर्दीच्या, लोकप्रिय गाण्यांपाशी वाढते. बखर वाचताना आपण लेखक कोण, आश्रयदाता कोण, हे विचारतो. यंत्राने निर्माण केलेल्या पुराव्यालाही तोच न्याय लावावा. तिथे परिपथाचा आराखडा हेच अस्सल साधन होय.