आगीतून उरलेला वाडा

मुलांनो, स्कॉटलंडमध्ये एडिनबरा शहरात उंच कातळावर एक जुना किल्ला आहे. तो कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हारस. आपला सिंहगडही लाव्हाच्याच दगडावर उभा आहे, बरं का! पण गड चढायची तयारी नसेल, तरी बुधवार पेठेतून चालत जाता येईल असा किल्ल्यासारखा एक वाडा आहे. ओळखलंत ना? शनिवारवाडा!

पहिल्या बाजीरावांनी १७३० साली तो बांधायला घेतला. दिल्ली दरवाजावरचे लांब, टोकदार खिळे पाहिलेत? हत्तीनं डोक्यानं धडक देऊन दार फोडू नये, म्हणून ते ठोकलेत. मोठ्या दारातलं छोटं दार म्हणजे दिंडी. तिच्यातून वाकून एकेकानंच आत जायचं. मग शत्रूची झुंबड घुसणार कशी?

आत मात्र महाल दिसत नाहीत. १८२८ च्या आगीत लाकडी इमारती जळाल्या. उरले तट, दरवाजे आणि दगडी जोती. आपल्या पेठेतला बुधवार वाडा तर १८७९ च्या आगीत गेला. आज तो पाहायलाही मिळत नाही.

म्हणून उरलंय ते जपायचं. आगीतून वाचलेला दगड खिळ्याच्या एका रेघेनं विद्रूप होतो. तिथे नावं कोरू नका. कुणी दादा-ताई कोरत असतील, तर त्यांनाही सांगा.

येत्या रविवारी आईबाबांबरोबर जा. एक जोतं पावलांनी मोजा, वहीत त्याचा नकाशा काढा. मग डोळे मिटा आणि त्यावर तुमच्या मनातला महाल बांधा!