दोन लावे, एकच नाव

झरीहून जिंतूरकडे निघाले, की काळी जमीन हळूहळू मागे पडते आणि जिंतूरजवळ मुरमाड टेकड्या लागतात. अशा माळावर चालताना अगदी पायाजवळून भर्रकन थवा उठतो, चहूकडे पांगतो आणि थोड्या अंतरावर गवतात दिसेनासा होतो. पाहणारा म्हणतो, ‘लावे उठले’. पण या एका नावाखाली दोन जाती आहेत.

पहिली, पर्डिक्युला एशियाटिका. तिला झुडपी रान आणि गवताचा आडोसा लागतो. दुसरी, पर्डिक्युला अरगुंडा. ती कोरड्या, दगडाळ, उघड्या माळावर रमते आणि मूळची फक्त भारतातली आहे. दख्खनच्या पक्ष्यांची यादी करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये तिचे वर्णन केले. दोन्ही नरांच्या अंगाखाली काळे-पांढरे पट्टे असल्याने गल्लत होते. मादीचा गळा पाहावा : पहिलीचा गडद तांबूस, दुसरीचा फिकट.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते? आम्हा डॉक्टरांना विचाराल, तर बरेच. डेंगी आणि मलेरिया, दोन्हींत तापच येतो. पण निदान चुकले की उपचारही चुकतो.

माळाचे तसेच झाले आहे. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीनही ‘पडीक’ धरली जाते. पडीक म्हटले की उपाय ठरलेला : खड्डे खणा, झाडे लावा. २०१९ च्या पावसाळ्यात तर राज्याचे उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचे होते. झाडांना विरोध नाही; विरोध आहे तो न तपासता लिहिलेल्या औषधाला. माळ झाडाझुडपांनी भरला, तर पहिल्या लाव्याला कदाचित आडोसा मिळेल, पण दुसऱ्याचे घर जाईल. शेळ्या-मेंढ्यांचे गवतही जाईल. आणि आपण मात्र ‘लावे दिसतात की अजून’ म्हणून निश्चिंत राहू.

जागतिक पातळीवर या दोन्ही जाती आज संकटग्रस्त गणल्या जात नाहीत, म्हणजे वेळ गेलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांची शिकार बंद आहे. पण कायदा पक्षी वाचवतो, त्याचा माळ नाही. ग्रामपंचायतीने गावच्या जैवविविधता नोंदवहीत दोन्ही लावे वेगळे लिहावेत आणि त्यासाठी आधी मेंढपाळांना विचारावे. झाडे बांधावर, ओढ्याकाठी, शाळेभोवती जरूर लावावीत. माळ मात्र माळच राहू द्यावा.