लेकरांना घेऊन या!

डेलावेअर नदीकाठी, न्यू जर्सीत, रिव्हरटन नावाचं लहानसं गाव आहे. तिथे रिचर्ड हॉलिंग्जहेड या गृहस्थाने घराच्या आवारात एक खटाटोप मांडला. गाडीच्या बॉनेटवर कोडॅकचा प्रोजेक्टर, समोरच्या झाडांना ठोकलेली चादर, चादरीमागे रेडिओ. पावसात कसं दिसेल? त्याने बागेचा फवारा गाडीवर सोडला. पुढची गाडी आड येते? मग पुढच्या चाकांखाली ठोकळे सारले. मागच्या गाडीचं तोंड किती वर उचललं की पडदा दिसतो, याचं गणित त्याने असं जमवलं आणि गाड्या उभ्या करायच्या त्या उतरत्या रांगांचं पेटंटच मिळवलं.

६ जून १९३३ रोजी कॅम्डेन शहराबाहेर, पेनसॉकेनच्या हद्दीत, त्याचं ड्राइव्ह-इन थिएटर, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा पाहायची जागा, सुरू झालं. मंदीचा कडक काळ. तिकीट गाडीला २५ सेंट आणि माणशी २५ सेंट. मुलं कितीही गोंगाट करोत, सगळ्या कुटुंबाला घेऊन या, असं तो जाहिरातीत सांगे. मला हे फार मोलाचं वाटतं. तान्हं रडायला लागलं की त्याला खांद्यावर टाकून दाराशी येरझाऱ्या घालणारी, गाणं तेवढं लांबून ऐकणारी आई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यासाठी जागा करण्याचा विचार या माणसाने केला.

धंदा मात्र बसला नाही. वितरक नवे सिनेमे देईनात, देत ते जुने आणि तेही महाग. आवाज पडद्याजवळच्या भोंग्यांतून यायचा. मागच्या गाड्यांना तो उशिरा पोचे आणि शेजारपाजारच्यांना नको तेवढा. जेमतेम तीन वर्षांत ते थिएटर बंद झालं. पुढे १९४९ मध्ये कोर्टाने पेटंटही रद्द ठरवलं. त्यानंतर कोणालाही मोकळं रान मिळालं, गाडीच्या खिडकीत अडकवायचे स्पीकर तर आधीच आले होते, आणि १९५८ च्या सुमारास अमेरिकेत अशी चार हजारांवर थिएटरं झाली, बरीचशी लहान गावांच्या वेशीवर.

पुढे यातली बरीचशी बंद पडली. ती का, याचं उत्तर लोक टीव्ही म्हणून देतात. ते अर्धंच. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे नेण्याची पद्धत पक्की झाली आणि अंधार पडून खेळ सुरू होईतो मुलं पेंगायला लागली. पण खरा घाव जमिनीचा. गाव वाढत वेशीपाशी आलं की वर्षातले काही महिने, तेही फक्त रात्री चालणाऱ्या मैदानाला कोण ठेवतो? तिथे दुकानं उभी राहिली. उरलेल्यांपैकी कित्येकांना डिजिटल प्रोजेक्टरचा खर्च झेपला नाही. मुंबईतही बांद्र्याचं ड्राइव्ह-इन गेलं, आणि २०२१ मध्ये त्याच भागात नवं आलं ते मॉलच्या गच्चीवर.

पेनसिल्व्हेनियात ओरफील्डला शँकवाइलर्स नावाचं ड्राइव्ह-इन १९३४ पासून आजही चालू आहे. मुलाबाळांकडे न्यू जर्सीला जाणाऱ्या आपल्याकडच्या आजी-आजोबांनी नायगारा जरूर पाहावा, पण एक संध्याकाळ ओरफील्डसाठी राखावी, आणि नातवंडांना सोबत न्यावं.