मोबाईलमध्ये खाते आले, पण खाते-पान?

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, पाथरी या बाजारपेठांत उधारीशिवाय धंदा चालत नाही, हे आम्ही व्यापारी बांधवांना वेगळे सांगण्याची गरज नाही. कापूस-सोयाबीनचा पैसा हाती येईपर्यंत शेतकरी उधार नेतो आणि किराणा-कापडाचे दुकानदार, शिंपी, सुतार, वेल्डिंगवाले त्याच भरवशावर वर्ष काढतात. ही उधारी पूर्वी लाल वहीत असे. आता अनेक दुकानांत ती मोबाईलच्या ॲपमध्ये गेली आहे. सोय झाली, यात शंका नाही. परंतु वही बदलली म्हणून हिशोबाचा नियम बदलत नाही.

जुने मुनीम रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या ठेवत. कीर्दीत व्यवहार उतरवला की त्याच ओळीत ‘खा. पा.’ म्हणजे खाते-पानाचा आकडा लिहीत. तो आकडा राहून गेला तर ४०० रुपये येणे दिसते, पण कोणाकडून, ते कळत नाही. मोबाईलमध्येही हेच आहे. ग्राहकांची यादी एका तक्त्यात, देण्या-घेण्याच्या नोंदी दुसऱ्या तक्त्यात, आणि प्रत्येक नोंदीसोबत त्या ग्राहकाचा क्रमांक. हा क्रमांक म्हणजेच आजचे खाते-पान.

खरी परीक्षा होते ती फोन बदलल्यावर. तेव्हा ॲप आपला जुना हिशोब कंपनीच्या संगणकावरून नव्या फोनमध्ये उतरवून घेते. आमच्या परिचयातील एका दुकानदाराचा हिशोब असा उतरत असताना मध्येच नेटवर्क गेले. पुन्हा उतरवला तेव्हा काही नोंदी दोनदा आल्या आणि एकाच नावाच्या दोन गिऱ्हाइकांची उधारी एका खात्यात जाऊन पडली. आपल्या मोहल्ल्यात शेख अहमद काय एकच असतो? ज्याने पै-पै चुकती केली होती, त्याच्याकडे तगादा गेला. हिशोब पुढे जुळला, पण ते गिऱ्हाईक परत आले नाही.

हा दोष मोबाईलचा नव्हे, ॲप बनवणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा आहे. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींत माहिती साठवण्यासाठी ‘एसक्यूलाइट’ हा डेटाबेस असतो. तो २००० साली आला. ज्याचे खातेच नाही अशा ग्राहकाच्या नावे आलेली नोंद नाकारण्याची सोय त्यात २००९ पासून आहे. मात्र ती सहसा आपोआप चालू नसते, बनवणाऱ्याने ती मुद्दाम चालू करावी लागते. बाकीचे नियमही साधे आहेत. आधी ग्राहक उतरवावा, मग त्याच्या नोंदी. ओळख नावावरून नव्हे, क्रमांकावरून ठरवावी. आलेली नोंद फोनमध्ये आधीच असेल तर तीच अद्ययावत करावी, दुसरी लिहू नये. आणि सगळे नीट उतरले तरच पक्के करावे. मध्येच खंड पडला तर तेवढे काम पूर्ण रद्द करून पुन्हा सुरुवात करावी.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, असा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आज आपला लिहिणारा ॲप बनवणारा आहे. तेव्हा न्यायाने लिहिण्याची जबाबदारी त्याच्यावरही येते. संगणक शिकून ॲप बनवणाऱ्या आपल्या तरुणांनीही हे ध्यानात ठेवावे.

दुकानदारांनी मात्र त्यांच्यावरच विसंबून राहू नये. फोन बदलण्यापूर्वी एकूण ग्राहक किती आणि एकूण येणे किती, हे दोन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. नव्या फोनमध्ये तेच आकडे आले, दहा-वीस मोठी खाती एकेक करून ताडून पाहिली, की मगच जुना फोन विकावा. सारख्या नावाच्या गिऱ्हाइकांपुढे वडिलांचे नाव व गाव अवश्य लिहावे. एवढी तसदी घेतली तर पैसा वाचेल, आणि पैशापेक्षा महाग असलेली बाजारातील पतही वाचेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.