पाते कुठे घडते, मजुरी कुठे राहते

अल मनखूल, दुबई : संयुक्त अरब अमिरातीच्या पहिल्या व्यापारी पवनऊर्जा कार्यक्रमाचे उद्घाटन ऑक्टोबर 2023 मध्ये झाले. सर बनी यास आणि डेल्मा ही बेटे, अल सिला आणि फुजैरातील अल हलाह या चार ठिकाणी मिळून त्याची क्षमता 103.5 मेगावॅट आहे. मंद वाऱ्याच्या या प्रदेशात पवनऊर्जा परवडणार नाही, हा समज लांब पात्यांनी मोडून काढला. पात्याची लांबी एक दशांशाने वाढली की वारा पकडणारे वर्तुळ 21 टक्क्यांनी मोठे होते. मात्र ही यंत्रे चिनी बनावटीची आहेत. वीज अमिरातीला मिळाली, घडणावळीची मजुरी बाहेर गेली. अल मनखूलच्या इमारतींत राहून आखातातील ऊर्जा आणि मालवाहतूक क्षेत्रांत काम करणाऱ्या मराठी व्यावसायिकांना हा हिशेब अपरिचित नसावा. महाराष्ट्रात तो पूर्वीच मांडला गेला आहे.

पवनचक्कीच्या सुट्या भागांत पाते हा सर्वाधिक हातकामाचा भाग होय. साच्यात काचतंतूच्या कापडाचे थर अंथरायचे, मध्ये बाल्साचे हलके लाकूड किंवा फोम बसवायचा, निर्वात दाबाने रेझिन आत ओढून घ्यायचे, उष्णतेने ते कठीण करायचे, मग दोन अर्धी कवचे चिकटवून घासायची आणि रंगवायची. कापडाला पडलेली एक सुरकुती पुढे तडा होऊन बाहेर येते. त्यामुळे सरावलेल्या हाताला येथे किंमत आहे. शिवाय साठ-सत्तर मीटरची अखंड वस्तू दूरवर नेणे खर्चिक असते, घाटातील एखादे वळणही ती अडवून धरते. म्हणूनच पात्यांचा कारखाना वाऱ्याजवळ येऊ पाहतो आणि कामगार, ट्रेलर, क्रेन, खाणावळी यांचा पैसा त्याच परिसरात फिरतो.

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पण एकदा उभारणी झाली की पवनचक्कीला माणसे थोडीच लागतात. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात चित्र निराळे दिसले. तेथे ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या आल्याच, शिवाय छडवेल (कोर्डे) येथे सुझलॉनचा पात्यांचा कारखानाही आला. दुष्काळी तालुक्यातील तरुणाला महिन्याचा पगार देणारी ही गोष्ट पवनचक्कीच्या जागेच्या एकरकमी मोबदल्याहून वेगळी आहे.

तथापि कारखाना मागणीवर जगतो. 2017 च्या फेब्रुवारीत देशातील पहिल्या पवनऊर्जा लिलावात दर युनिटला 3.46 रुपयांवर आला. ग्राहकाला वीज स्वस्त झाली. परंतु 2016-17 मध्ये सुमारे 5,500 मेगावॅट असलेली वार्षिक उभारणी पुढच्याच वर्षी 1,800 च्याही खाली घसरली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनवर जुलै 2019 मध्ये 17.2 कोटी डॉलरचे रोखे फेडता न येण्याची वेळ आली. याच कंपनीने 2006 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पाइपस्टोन या छोट्या गावी पात्यांचा कारखाना काढला होता. मागणी ओसरताच तेथेही कामगार कपात झाली. पुणे असो वा पाइपस्टोन, मागणीपुढे भूगोल चालत नाही.

आखाताला हे उमगलेले दिसते. अमिरातीच्या कार्यक्रमात 4.5 मेगावॅटची 23 यंत्रे, म्हणजे अवघी 69 पाती. एका साच्यातून साधारण एक-दोन दिवसांत एक पाते निघते. हे काम काही महिन्यांत संपेल. तेवढ्यावर कारखाना उभा राहत नाही. सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने मात्र जुलै 2024 मध्ये चीनच्या एन्व्हिजनशी भागीदारी जाहीर केली आणि पात्यांसह पवनचक्कीचे भाग देशातच घडवण्याचे ठरवले. देशांतर्गत मोठी मागणी आधी आखायची आणि तिच्या बळावर कारखाना मागायचा, हा त्यामागील व्यवहार आहे.

महाराष्ट्राकडे अशी मागणी आयती आहे. वनकुसवड्यावरील अनेक यंत्रे जेमतेम 350 किलोवॅटची असून त्यांचे वय झाले आहे. जुनी यंत्रे काढून मोठी बसवण्याचे केंद्राचे धोरण डिसेंबर 2023 मध्ये आले. राज्याने या बदलाचे वेळापत्रक निश्चित केले, तर नवी पाती राज्यातच घडवण्याची अट घालायला आधार मिळेल. नाहीतर ती गुजरात किंवा तमिळनाडूतून ट्रेलरवर येतील. आणि जुनी पाती घाटातून खाली उतरतील. त्यांतील रेझिन पुन्हा वितळत नाही, त्यामुळे ती कापून त्यांची विल्हेवाट लावणे हेही एक कामच आहे. ते कोणत्या तालुक्याला मिळणार, हे अद्याप ठरायचे आहे.