स्वस्त पैसा आणि पुरानंतरची पेढी

व्याजाचा दर मुंबईत ठरतो; त्याचा परिणाम मात्र महाडच्या बाजारपेठेतील आणि पोलादपूरच्या दुकानांतील रोजमेळावर उमटतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेचे पतधोरण हा केवळ अर्थतज्ज्ञांचा विषय नव्हे. तो प्रत्येक व्यापारी कुटुंबाने समजून घ्यावा असा विषय आहे.

रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचा पैसा देते, तो रेपो दर. तो उतरला की बँकांचा खर्च घटतो आणि कर्जे स्वस्त होतात. व्यापारी माल भरतो, कारखाना हलतो, मजुराच्या हाती मजुरी पडते आणि तोच मजूर ग्राहक होऊन दुकानाची पायरी चढतो. मंदावलेल्या अर्थव्यवस्थेला उभारी देण्याचा हा मार्ग. करोनाकाळात तो अवलंबिला गेला: रेपो दर २७ मार्च २०२० रोजी ५.१५ वरून ४.४० टक्के आणि २२ मे रोजी ४ टक्के झाला.

२०२१ च्या जुलैमध्ये सावित्री व गांधारी नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले, तेव्हाही दर ४ टक्केच होता. २२ जुलै रोजी तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही जीवितहानी झाली. बाजारपेठेत माल गाळात गेला. तो ज्या उधारीवर वा कॅश क्रेडिटवर भरला होता, ते देणे मात्र उरले.

अशा वेळी केवळ स्वस्त व्याज पुरेसे नसते. हप्त्याला उसंत लागते. ५ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या योजनेत छोट्या कर्जदारांना ३० सप्टेंबरपर्यंत कर्जाच्या पुनर्रचनेची मागणी करता येत होती आणि किरकोळ व घाऊक व्यापारीही तिच्या कक्षेत होते. करोनासाठी योजलेली ही सवलत पूरग्रस्त व्यापाऱ्यालाही आधार देऊ शकत होती. परंतु ज्याचे हिशेब नीटनेटके, त्यालाच अशी दारे लवकर उघडतात.

पुढे महागाई भडकली. ४ मे २०२२ पासून दर चढू लागला आणि ८ फेब्रुवारी २०२३ रोजी ६.५० टक्क्यांवर पोहोचला. वाढ अडीच टक्क्यांची. दर रेपोशी जोडलेला असेल, तर दहा लाखांच्या कर्जावर वर्षाला पंचवीस हजार रुपये अधिक. देशाच्या दृष्टीने हा निर्णय सयुक्तिक होता, कारण महागाई ग्राहकाची खरेदीशक्तीच खाते. पण देशाला दर एकच असतो. तो एखाद्या बाजारपेठेचा गाळ उपसून झाला की नाही, हे पाहून ठरत नाही. देश सावरला म्हणजे महाड सावरले, असे होत नाही. हे अंतर व्यापाऱ्याने स्वतःच्या तजविजीनेच भरून काढावे लागते.

२०२५ मध्ये दर पुन्हा उतरला आणि ५ डिसेंबर रोजी ५.२५ टक्के झाला. या वेळी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, आपल्या कर्जाचा दर कशाशी जोडला आहे ते विचारावे. व्यापारी बँकांची छोट्या उद्योगांना दिलेली बदलत्या दराची नवी कर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य निर्देशांकाशी जोडलेली असतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी त्यांचा दर बदलावा लागतो. पतसंस्थेच्या कर्जाला हा नियम नाही. दुसरी, नवे कर्ज घेताना दर अडीच टक्के वाढला तरी हप्ता झेपेल का, याचा हिशेब मांडावा. तिसरी, व्याजात वाचलेली रक्कम जादा माल भरण्यात न घालता आधी मुद्दल फेडावे आणि पावसाळ्यापूर्वी विमा तपासावा: पूर त्यात समाविष्ट आहे का, आणि मालाची रक्कम आजच्या साठ्याइतकी आहे का.

स्वस्त पैसा ही संधी आहे, मदत नव्हे. तो परत करावाच लागतो. व्याज हलके असते, तोच काळ देणे हलके करण्याचा.