आयुष्याचा अंदाज आणि आमची लपवाछपवी

दिवाळी अंक हाती पडला, की घरातली निम्मी मंडळी तो शेवटाकडून उघडतात. कारण वार्षिक राशिभविष्य तिकडे असते. मेषेला धनलाभ, कन्येला प्रवास, वृश्चिकेला प्रकृतीची काळजी हे सारे आजोबांपासून नातवापर्यंत सगळे मोठ्याने वाचतात. पुढच्या वर्षाबद्दल विचारू नये, त्याने माणूस खचतो, असे तेव्हा कोणी म्हणत नाही. मात्र त्याच घरातल्या कोणाला असाध्य आजार जडला, आणि डॉक्टर तपासण्यांच्या आधाराने त्याच्या पुढच्या वर्षाबद्दल काही सांगू लागले, की आमची बोबडी वळते. ग्रहांचे भविष्य चारचौघांत वाचायचे आणि शरीराचे भविष्य मात्र ज्याचे शरीर त्याच्यापासूनच लपवायचे, हा आमचा शिष्टाचार! सणासुदीला असला विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. घरातली सगळी माणसे एकत्र बसतात ती याच चार दिवसांत, आणि हा विषय सगळ्यांनी मिळून बोलण्याचा आहे.

मी दौंडचा; बहीण शिरूर तालुक्यात दिलेली. या दोन्ही गावांकडे मी जे पाहिले ते अन्ननलिकेच्या कर्करोगाचे. जगात २०२० साली या रोगाचे सुमारे ६ लाख नवे रुग्ण झाले आणि त्याच वर्षी सुमारे ५ लाख ४४ हजार माणसे त्याने दगावली. हे दोन आकडे शेजारी ठेवले की रोगाचा स्वभाव कळतो. तो गुपचूप वाढतो. आधी भाकरी अडकते. माणूस ती दुधात कुस्करून खातो. मग भात अडकतो, मग पेजही. तंबाखू, विडी आणि दारू हे त्याचे जुने सोबती. आणि आमच्या बायका दाताला लावतात ती मिश्री म्हणजेही तंबाखूच. ‘पित्त झाले असेल’ म्हणण्यात महिने जातात. दुर्बीण घशाखाली उतरते तोवर रोग पुष्कळदा यकृतात नाहीतर फुप्फुसांत जाऊन बसलेला असतो. मग प्रश्न उरतो एकच: अजून किती दिवस?

हा प्रश्न विचारूच नये, असे मी म्हणत नाही. माझे भांडण आहे ते विचारण्याच्या आणि उत्तर देण्याच्या आमच्या तऱ्हेशी. प्रश्न विचारला जातो दाराबाहेर, रुग्ण आत खाटेवर असताना. उत्तर मिळते एका आकड्यात. आणि तो आकडा सगळ्या नातलगांत फिरतो. फक्त एका माणसाला वगळून.

आमच्या दाजींचे असेच झाले. शहरातल्या एका इस्पितळात डॉक्टरांनी भाच्याला बाजूला घेऊन सांगितले, “सहा महिने.” दाजींना सांगितले, अल्सर आहे. सहा महिने हातात आहेत या हिशेबाने घोड नदीकाठचे एक एकर रान विकले आणि महागडे उपचार सुरू केले. दाजी विचारीत, “अरे, अल्सरला रान कशाला विकता?” त्यावर कोणापाशी उत्तर नव्हते. सातव्या आठवड्यात ते गेले, तेही अतिदक्षता विभागात, नाकातोंडात नळ्या असताना. कोणाला किती उसने दिले होते, हे त्यांच्याबरोबरच गेले. घरी अंगणात झोपावे असे ते म्हणत होते, तेवढेही झाले नाही.

दौंडला आमच्या आळीत उलटी तऱ्हा. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या मुलांना “तीन महिने” असे सांगण्यात आले. तीन महिन्यांसाठी खर्च कशाला, म्हणून अन्ननलिका उघडी ठेवणारी जाळीची नळी बसवण्याचे टाळले. गृहस्थ चौदा महिने जगले, आणि ते सारे चौदा महिने घोट घोट पेजेवर काढले. निरोप घेऊन गेलेली मंडळी पुढे त्यांना टाळून दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागली.

या दोन्ही डॉक्टरांना मी खोटारडे म्हणत नाही. त्यांनी सांगितला तो बहुधा मधला आकडा होता. एकाच अवस्थेतले शंभर रुग्ण आयुष्याच्या क्रमाने ओळीत उभे केले, तर मधोमध जो येईल त्याचा तो आकडा. आमचा माणूस ओळीत कोठे उभा आहे, हे त्यातून कळत नाही. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९८२ साली दुसऱ्या एका दुर्धर कर्करोगाने गाठले. त्या रोगाचा मधला आकडा होता आठ महिने. गूल्ड जगले २००२ पर्यंत. असे भाग्य सर्वांचे नसते, हे खरेच. पण मधल्या माणसाचा आकडा प्रत्येकाच्या कपाळी मारणे हे शास्त्र नव्हे.

मग शास्त्र कोणते? रोग कोठवर पसरला. माणूस स्वतःच्या पायांनी किती हिंडतो, का निम्मा दिवस अंथरुणातच असतो. वजन किती घटले. रक्तातले अल्ब्युमिन किती उतरले. उपचार झेपतात का, एवढे पाहून अंदाज करायचा असतो. हिंडण्या-फिरण्याची मोजपट्टी डॉ. कार्नोफ्स्की यांनी १९४९ च्या सुमारास घालून दिली. ती आजही वापरात आहे. आणि अंदाज सांगायचा तो पट्ट्यात. ऑस्ट्रेलियातील काही कर्करोगतज्ज्ञांनी त्याची सोपी रीत दाखवली आहे. मधला अंदाज आठ महिन्यांचा असेल, तर साधारण निम्मे रुग्ण चार ते सोळा महिने जगतात. दहांतला एखादा दोन महिन्यांच्या आत जातो आणि दहांतला एखादा दोन वर्षे ओलांडतो. हे एवढे वाक्य दाजींच्या घरी कोणी बोलले असते, तर रान विकण्याआधी निदान एक रात्र विचार झाला असता.

डॉक्टरांच्या दयाळूपणाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. शिकागोमध्ये मरणासन्न ४६८ रुग्णांबद्दल डॉक्टरांना अंदाज विचारले गेले. २००० साली निष्कर्ष छापून आले. अचूकतेच्या जवळ गेलेले अंदाज शेकडा २०. शेकडा ६३ अंदाज फाजील आशेचे. आणि सरासरीने अंदाज प्रत्यक्षाच्या पाचपट! डॉक्टर रुग्णाला जितके अधिक दिवस ओळखत होते, तितका अंदाज अधिक चुकला. म्हणजे माया आडवी येते. ती आली म्हणून दोष नाही. पण तिची किंमत रुग्णाने का मोजावी?

शिवाय अंदाजाचे तक्ते बनतात कोणाच्या आयुष्यावरून? नेदरलंड्सने आपल्या देशाच्या कर्करोग-नोंदीवरून असे गणित बसवले आहे. उत्तम आहे, पण तिकडे या रोगाचा जो प्रकार अधिक आढळतो तो निराळा, आपल्याकडे जो अधिक आढळतो तो निराळा, आणि आमचा माणूस डॉक्टरांपर्यंत पोचतो तो आधीच वाळून. आपल्या माणसाचा अंदाज आपल्याच माणसांच्या नोंदीतून निघेल. हे अशक्य नाही. दौंडहून सोलापूरच्या गाडीने कुर्डुवाडीला उतरावे, तेथून बार्शी जवळच. त्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते खेडोपाडी हिंडून रुग्ण शोधीत, नोंदवीत आणि पुढे त्यांचे काय झाले हेही घरी जाऊन विचारीत. म्हणूनच खेड्यातल्या कर्करोगी माणसाच्या आयुर्मानाबद्दल बार्शीचे आकडे जगाच्या ग्रंथांत गेले. शिरूर-दौंडच्या आमदारांनी कमानी आणि स्वागताचे फलक थोडे कमी लावावेत आणि बार्शीचा हा धडा गिरवावा.

आता नेहमीचा आक्षेप: “सांगितले तर त्याचा धीर सुटेल.” मी विचारतो, न सांगता कोणाचा धीर टिकला? घशातून पाणी उतरत नाही, अंगावरचे सदरे ढगळ झाले, रान विकले गेले, पाहुणे रांग लावून येताहेत. एवढ्यावरून ज्याला काही कळत नाही असा माणूस मला दाखवा! त्याला सगळे कळते. फक्त बोलायला कोणी उरत नाही. डॉक्टरांसाठी २००२ साली केलेल्या आचारनियमांत, दुखण्याचे गांभीर्य वाढवूही नये आणि कमीही करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. पण ते ज्ञान रुग्णाला, त्याच्या नातलगांना ‘किंवा’ जबाबदार स्नेह्यांना असावे, असे पुढे येते. या एका ‘किंवा’च्या फटीतून आम्ही रुग्णालाच बाहेर काढला आहे.

सांगणे म्हणजे हात झटकणे नव्हे. अमेरिकेत फुप्फुसाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, ज्यांना पहिल्यापासून वेदनाशमनाची व आधाराची जोड मिळाली ते अधिक समाधानाने जगले. आणि मधल्या आकड्याने ११.६ महिने जगले, इतर ८.९. हे २०१० साली प्रसिद्ध झाले. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे शुश्रूषाकेंद्र १९९७ पासून अशी सेवा विनामूल्य देत आले आहे. मॉर्फिनची वाट अडवणारा १९८५ चा कायदाही २०१४ साली सैल झाला. पण वेळ थोडा आहे हे कबूलच न करणारे घर तिकडे जाईल कसे?

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. घास दोन-तीन आठवडे अडकत राहिला तर दुर्बिणीची तपासणी करून घ्या. रोग निघालाच, तर आधी रुग्णालाच विचारा: “तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?” तो ‘नको’ म्हणाला तर तोही त्याचाच अधिकार. ‘हो’ म्हणाला तर त्याच्या समोर बसून डॉक्टरांना विचारा: कमीत कमी किती, बहुतेकांना किती, भाग्यवंताला किती, आणि कशावरून? उपचाराने त्यात किती भर पडेल आणि ते दिवस कसे जातील? मग रान विकायचे की राखायचे, मुंबईला जायचे की अंगणात झोपायचे, हे ज्याचे आयुष्य त्याला ठरवू द्या. त्याच्या दिवसांचा हिशेब त्याच्या पाठीमागे करण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिलेला नाही.